चिकुनगुनिया: ३२ वर्षांनी परतलेला ताप, गैरसमज मात्र तेच

पावसाळा लागला की गावोगाव एक ताप येतो. अंग भाजतं, सांधे धरतात, धडधाकट माणूस भिंत धरून चालायला लागतो. हा चिकुनगुनिया. पण तो होतो कशानं, असं विचारलं तर आजही चार जण चार उत्तरं देतात.

कोंबडीचा संबंध नाही

हा विषाणू पहिल्यांदा आफ्रिकेत, आजच्या टांझानियात, १९५२ च्या साथीत ओळखला गेला. नाव तिथल्या माकोंडे भाषेतलं. अर्थ, माणसाला वाकवणारा. आपल्याकडे त्याचं 'चिकनगुनिया' झालं आणि कोंबडी खाल्ल्यानं होतो असा समज पसरला. त्यात २००६ मध्येच नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लू सापडला होता. पण या दोन आजारांचा एकमेकांशी काही संबंध नाही. चिकुनगुनिया डासांमुळे पसरतो. रुग्णाला शिवल्यानं किंवा त्याच्या ताटात जेवल्यानं होत नाही.

बार्शीची साथ

१९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत याची मोठी साथ आली होती. त्यानंतर देशात जवळपास ३२ वर्षं मोठी साथ नव्हती. लोक आजार विसरले. २००५ च्या शेवटी आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रात तो परत आला. २००६ मध्ये देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. मधल्या काळात जन्मलेल्या पिढीत याची प्रतिकारशक्ती नव्हती. शिवाय विषाणूचा प्रकारही बार्शीपेक्षा वेगळा, आफ्रिकेकडचा होता.

डास आपल्याच हौदात

हा एडिस डास. अंगावर पांढरे पट्टे, चावतो दिवसा. गटारात नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. रांजण, हौद, ड्रम, कूलर, छपरावरचं टायर, नारळाची करवंटी, काहीही चालतं. अंड्यापासून डास व्हायला ८ ते १० दिवस पुरतात. म्हणून जिथं नळाला आठवड्यानं पाणी येतं, टँकरचं पाणी भरून ठेवावं लागतं, तिथं धोका जास्त. टंचाईतही साथ येते ती यामुळेच.

डास फार लांब उडत नाही, विषाणू माणसाबरोबर प्रवास करतो. मुंबईत माझगावच्या चाळीत ताप आलेला चाकरमानी एसटीनं गावी आला आणि इथला डास त्याला चावला, तर तोच डास पुढं घरातल्यांना आजार देऊ शकतो. म्हणून तापाच्या पहिल्या आठवड्यात रुग्णानं दिवसाही मच्छरदाणीत झोपावं.

ताप आला तर

अचानक जोराचा ताप, मनगट, बोटं, घोटे यांत तीव्र दुखणं, कधी अंगावर पुरळ, ही लक्षणं. जीव जाण्याचा धोका कमी असतो, पण म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं यांना जपावं लागतं. सांधेदुखी काहींना महिनोन्महिने राहते. रोजंदारीवरच्या माणसाची सुगी त्यात जाते.

डेंग्यूही याच डासानं होतो आणि सुरुवातीला सारखाच दिसतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून रक्त तपासून घ्यावं. विषाणू मारणारं खास औषध नाही. आराम, भरपूर पाणी आणि डॉक्टर सांगतील त्या प्रमाणात पॅरासिटामॉल. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या घेऊ नयेत, रक्तस्राव होऊ शकतो. 'लगेच उभं करतो' म्हणून कुणी सुई टोचत असेल तर त्यात काय आहे ते आधी विचारावं.

आठवड्यातून एक दिवस

घरातली सगळी भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करावीत. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही काही महिने टिकतात, म्हणून आतून काथ्यानं घासावं. रिकामा करता येत नाही असा हौद घट्ट झाकावा, नाहीतर त्यात गप्पी मासे सोडावेत. फवारणीनं उडणारे डास मरतात, हौदातल्या अळ्या तशाच राहतात. एका घरानं हौद घासला आणि शेजारचा तसाच राहिला, तर आठवड्यात डास परत येतात. वस्तीनं एकच वार ठरवून घेतलेला बरा.