जोगत्यांचें गाणें

इतिहास म्हटला कीं साताऱ्याच्या माणसाच्या डोळ्यांपुढें अजिंक्यतारा उभा राहतो आणि सांगलीकरास पटवर्धनांचें गणेशमंदिर आठवतें. त्यांत वावगें कांहींच नाहीं. ज्यांनीं राज्यें केलीं त्यांनीं दफ्तरेंही ठेविलीं, आणि जेथें दफ्तर तेथें इतिहासकार, हा न्याय जुनाच आहे. परंतु ह्याच कृष्णाकांठीं असा एक समाज पिढ्यान् पिढ्या नांदत आला आहे कीं ज्याची ना बखर, ना वंशावळ. वंशावळ असावी तरी कशी? त्याची परंपरा पोटच्या पोरांनीं चालत नाहीं. एकानें दुसऱ्यास शिकविलेल्या गाण्यानें चालते. आम्ही म्हणतों तो समाज यल्लम्मेच्या जोगत्यांचा. तृतीयपंथी हें नांव आज ज्यांना आपण देतों, त्यांपैकीं आमच्या ह्या मुलुखाचे जर कोणी खास असतील तर ते हे.

सातारा आणि सांगली ह्यांचा उल्लेख आम्ही जोडीनें करतों, त्यास कारण आहे. जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि भोंवतालचीं संस्थानें मिळून १ ऑगस्ट १९४९ रोजीं दक्षिण सातारा जिल्हा झाला. त्यालाच १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. सरहद्दी बदलल्या तरी जोगत्यांच्या वाटा बदलल्या नाहींत. साताऱ्याकडून निघालेली वाट जतेस डफळ्यांच्या गांवीं यल्लम्मेच्या यात्रेंत मिळते, आणि तेथून पुढें बेळगांव जिल्ह्यांतील सौंदत्तीच्या डोंगरावर जाते. भाषा मराठीची कानडी होते. चौंडकें मात्र तेंच राहतें.

येथें एक खुलासा अवश्य आहे. देवीला सोडलेली स्त्री ती जोगतीण आणि पुरुष तो जोगता, असा ढोबळ भेद लोक करतात. प्रत्येक जोगता लुगडें नेसतोच असें नाहीं. परंतु जन्मानें मुलगा असून ज्याचा जीव लहानपणापासून बाईपणाकडे ओढला जातो, त्याच्या अंगीं देवी आली असें गांव मानतें. मग हिरवा चुडा, कवड्यांची माळ, कपाळीं भंडारा आणि हातीं परडी, हा त्याचा वेष ठरतो. ह्यांपैकीं पुष्कळजण स्वतःविषयीं ‘मी आलें, मी गेलें’ असेंच बोलतात. म्हणून आम्हीही पुढें जेथें योग्य तेथें तसेंच बोलणार आहों. कर्नाटकांत ह्यांस जोगप्पा म्हणतात. हिजड्यांच्या घराण्यांशीं ह्यांचें साम्य असलें तरी दोन्ही एक नव्हेत. हिजड्यांचा आधार गुरूचें घराणें. जोगत्याचा आधार देवी आणि देवीचें गाणें.

आतां चौंडक्याकडे वळूं. एका बाजूस कातड्यानें मढविलेलें पोकळ लांकडी नळकांडें. त्या कातड्याच्या मध्यांतून निघालेली एक तांत. नळकांडें कांखेंत धरावयाचें, एका हातानें तांत ताणावयाची आणि दुसऱ्यानें छेडावयाची. ताण वाढला कीं स्वर चढतो, सैल सोडला कीं उतरतो. सांगलीपासून दोन कोसांवर मिरजेंत एकोणिसाव्या शतकापासून सतार-तंबोरे घडविणारीं घराणीं आहेत. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. तंबोऱ्याची तार खुंटीला बांधलेली असते, ती एकदां जुळविली कीं बैठकभर पुरते. चौंडक्यास तसा खुंटीचा आधार नाहीं. वाजविणाराचा हात थकला तर स्वर बसला! त्याच्या जोडीला तुणतुणें आणि झांज, आणि ह्या साथीवर रेणुका-जमदग्नीची कथा रात्ररात्र चालते. ह्या कथेंत बापाची आज्ञा न मानणाऱ्या मुलांस शाप मिळून त्यांचें पुरुषत्व गेलें, असें कित्येक गायक सांगतात. जोगते स्वतःस त्या मुलांचे वारस समजतात. आम्हांस ह्यांत मोठा अर्थ दिसतो. ज्या गोष्टीबद्दल जग हिणवतें, तिला आईच्या बाजूनें उभें राहिल्याची खूण ठरविण्याचें काम ह्या गाण्यानें केलें आहे.

हें सर्व श्रद्धेचें झालें, हक्काचें काय? येथें इतिहासाची कागदोपत्रीं बाजू थोडीशी हातीं लागते. लॉरेन्स प्रेस्टन ह्या अभ्यासकानें १९८७ सालीं एका दीर्घ निबंधांत दाखवून दिलें कीं मराठी अमदानींत दख्खनमधील हिजड्यांस घरोघर भिक्षा मागण्याचा परंपरागत हक्क होता, कांहींस जमीन व रोख नेमणूकही होती, आणि हा हक्क गुरूकडून चेल्याकडे जाई. म्हणजे आज ज्यास आपण उपद्रव म्हणतों, तें मागणें एके काळीं पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनासारखेंच राजमान्य होतें. कंपनी सरकारास हें रुचलें नाहीं. मुंबई इलाख्यांतील इनामांच्या चौकशीसाठीं १८५२ चा अकरावा कायदा झाला, तेव्हां ज्या इनामानें सार्वजनिक सभ्यतेचा भंग होतो तें पुढें चालवूं नये, असा दंडक त्यांत घातला गेला. ही सभ्यता कोणाची, हें मात्र कोणीं कोणास विचारलें नाहीं. साताऱ्याची गादी १८४८ सालीं खालसा होऊन हा मुलूखही त्याच सरकाराखालीं गेलेला होता. सांगलीचें संस्थान तेवढें १९४८ पर्यंत टिकलें.

ह्याहून कठोर कायदा १८७१ सालीं झाला. गुन्हेगार जमातींच्या त्या कायद्याचा एक भाग खास हिजड्यांसाठीं होता. नोंद झालेल्या इसमानें रस्त्यावर स्त्रीवेषांत दिसणें, नाचणें किंवा वाद्य वाजविणें हाच त्यांत गुन्हा ठरविला होता. हा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानांतील प्रांतांस लागू झाला, परंतु त्यावरून राज्यकर्त्यांचें मन कळतें. चोरी-दरवड्याबरोबर गाण्याचीही गणना करावी, इतकें भय त्यांना ह्या गाण्याचें वाटलें!

मग सुधारणेचे कायदे आले. मुंबईचा देवदासी संरक्षण कायदा १९३४ चा, कर्नाटकाचा १९८२ चा आणि महाराष्ट्राचा देवदासी प्रथा निर्मूलनाचा २००५ चा. अजाण पोरीस देवाच्या नांवानें सोडून तिचें आयुष्य नासविणें हा अधर्म आहे, आणि तो बंद व्हावा म्हणून ज्यांनीं हाल सोसले त्यांचे उपकार आम्ही मानतों. मुलग्यास सोडणेंही तितकेंच गैर आहे. परंतु येथें विचाराचें एक बोट सुटूं नये. देवीला सोडण्याची चाल बंद करतां येते. मनुष्याच्या मूळ प्रकृतीस बंदी करतां येत नाहीं. चाल नाहींशी झाली म्हणजे असें मूल जन्मास यावयाचें थोडेंच राहणार आहे? पूर्वीं निदान त्याला परडी तरी मिळे. परडी काढून घेणारांनीं तिच्या जागीं शाळेंतील बांक, कारखान्यांतील नोकरी आणि घरांतील पाट दिला पाहिजे. नाहीं तर सुधारणा अर्धीच राहिली असें म्हणावें लागेल.

कायद्यानें ह्या बाबतींत अलीकडे पाऊल पुढें टाकलें आहे. १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, आणि त्या निकालपत्रांत जोगते-जोगप्पांचा नांवानिशीं उल्लेख आहे. २०१९ सालीं त्यांच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदाही झाला. २०११ च्या शिरगणतींत स्त्री किंवा पुरुष ह्यांखेरीज अन्य रकान्यांत देशभर ४,८७,८०३ माणसें नोंदविलीं गेलीं. सांगलींत १९९२ पासून मीना शेषु ह्यांची ‘संग्राम’ ही संस्था आणि तिच्यांतून उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ति परिषद काम करीत आहे. त्याच परिवारांत ‘मुस्कान’ हा तृतीयपंथीयांचा व पुरुषांचा संघ आहे. दया नको, न्याय द्या, हा ह्या मंडळींच्या कामाचा रोख. आमच्या मतें हा रोख नवा नव्हे. तांत ताणून धरणाऱ्या हाताचें शिक्षण तेंच होतें.

आणि आतां गाणें. जत्रेंतील गाणें प्रथम कॅसेटींत शिरलें, मग तबकडींत, आणि पुढें मोबाईलच्या पडद्यावर आलें. मध्यंतरीं साहित्यानें त्याला हात दिला. राजन गवस ह्यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ ह्या कादंबऱ्या आणि सांगली जिल्ह्यांतील मळणगांवचे चारुता सागर ह्यांची ‘दर्शन’ ही कथा, ह्यांच्या आधारें राजीव पाटील ह्यांनीं ‘जोगवा’ चित्रपट केला. तो २००९ सालीं आला. उपेंद्र लिमये ह्यांस अभिनयाचें आणि अजय-अतुल ह्यांस संगीताचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. ज्या घरांत जोगत्याला ओसरीवर बसूं दिलें नसतें, त्या घरांतील लग्नांत त्या चित्रपटाचीं गाणीं वाजूं लागलीं. हें यश लहान नव्हे. तरीही लक्षांत ठेवावयाचें तें हें कीं त्यांत जोगत्याचें दुःख होतें, परंतु पडद्यावरचा चेहरा व गळा दुसऱ्यांचा होता.

चेहरा त्यांचाच असावा, हा पुढचा टप्पा मुंबईनें गांठला. २०१६ च्या जानेवारींत ‘सिक्स पॅक बँड’ हा सहा तृतीयपंथी गायिकांचा वृंद गाण्यांच्या व्हिडिओंतून लोकांपुढें आला. त्याच वर्षीं त्यास फ्रान्समधील कान येथें जाहिरातींच्या महोत्सवांत सर्वोच्च बहुमान मिळाला. जाहिरातींच्या म्हणण्याचें कारण, त्या उपक्रमामागें चहाचा एक प्रसिद्ध छाप होता. कोणी म्हणेल, हा व्यापार झाला. होय, झाला. पण रस्त्याच्या दिव्यापाशीं ज्या टाळीला लोक कांच वर करून उत्तर देत, ती टाळी ताल म्हणून लोकांनीं ऐकली, हेंही झालें. तिकडे कर्नाटकांत टी. एम. कृष्ण ह्यांच्यासारखा शास्त्रीय गायक २०१० नंतरच्या दशकांत जोगप्पांबरोबर एका व्यासपीठावर बसून गायला. आणि जोगती नृत्याच्या कलावंत मंजम्मा जोगती २०१९ सालीं कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष होऊन २०२१ सालीं पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. जिला घर सोडावें लागलें तीच लोककलेच्या सरकारी पीठाची प्रमुख झाली!

आतां सुशिक्षित वाचकांचा एक आक्षेप आम्हांस ऐकूं येतो. मोबाईलवरचीं हीं गाणीं भडक असतात, त्यांत जुन्या गाण्याची भक्ति राहत नाहीं. आक्षेपांत तथ्य आहे. पुष्कळ गाणीं खरोखर सुमार आहेत. परंतु सुमार गाणें गाण्याचाही अधिकार असतोच ना? आपल्या मुलांच्या स्नेहसंमेलनांतील किती गाणीं काळाच्या कसोटीस उतरतात? जो समाज शतकभर इतरांच्या नजरेनेंच पाहिला गेला, त्यानें स्वतः दिवा लावून, स्वतः उभें राहून, आपण कसें दिसावें हें ठरविलें, ह्याचें मोल गाण्याच्या दर्जाहून वेगळें मोजलें पाहिजे.

ह्या विषयावर लिहिण्यास आम्हांस उशीर झाला, ही कबुली येथें देतों. आमच्या लहानपणीं साताऱ्यांतील आमच्या वाड्यांत मंगळवारीं एक जोगता येई. आजी सुपांतून जोंधळे घाली, पायां पडे, कपाळीं भंडारा लावून घेई. पाणी मागितलें कीं मात्र कोनाड्यांतील एक वेगळा पेला निघे. तो पेला इतर भांड्यांबरोबर कधींच घांसला गेला नाहीं. नमस्कार आणि तो पेला ह्यांची संगति लावण्याचें आम्हांस तेव्हां सुचलें नाहीं, आणि पुढें इंग्रजी ग्रंथ वाचून पदवी घेतली तेव्हांही सुचलें नाहीं. लोकसाहित्यावर आम्हीं वर्षानुवर्षें व्याख्यानें दिलीं. त्यांत चौंडकें आलें, वाजविणारी व्यक्ति आली नाहीं.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही जतेच्या यात्रेस गेलों. देवळाच्या वाटेवर एक वयस्क जोगती कडुनिंबाखालीं गात होती. शेजारीं दोन तरुण शिष्या होत्या. एकीच्या हातीं झांज, दुसरीच्या हातीं मोबाईल. आम्हींही परवानगी घेऊन आमच्या मोबाईलवर गाणें उतरवून घेतलें आणि देऊं लागलों ते पैसे. तिनें पैशांकडे पाहिलें नाहीं. आधीं गाणें दाखवा म्हणाली. तिनें तें शेवटपर्यंत ऐकलें, आणि दुसऱ्या कडव्याला तांत उतरली आहे, हें पुसून टाका, असें सांगितलें. आम्हीं तें तिच्यादेखत पुसलें. तिनें हात झटकला, तांत ताणली आणि पुन्हां प्रथमपासून गाऊं लागली.