वळिवड्यातील पोलिश छावणी

पोलंडच्या लोकांची ओळख करून घ्यायला वॉर्सोपर्यंतच गेले पाहिजे असे नाही. भांडगावहून पुणेमार्गे कोल्हापूरला जाणाऱ्यांनी जवळचे वळिवडे अवश्य पाहावे, असे आम्ही सुचवितो.

१९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने असंख्य पोलिश कुटुंबांना सायबेरियात व मध्य आशियात हद्दपार केले. त्यांतील काही इराणमार्गे भारतात पोहोचली. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश राहिले. बहुतेक स्त्रिया व मुले. आणि जवळजवळ सर्व आपल्याच कॅथलिक श्रद्धेचे.

पोलिश घरात नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिली चांदणी दिसली की जेवण सुरू होते. ओप्वातेक नावाची पातळ पापडी (ही अभिषिक्त ओस्ती नव्हे) एकमेकांना देऊन, तुकडा मोडून शुभेच्छा दिल्या जातात. मेजपोसाखाली गव्हाणीची आठवण म्हणून गवत, आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक जागा रिकामी. ज्यांचे आप्त सायबेरियात राहिले, त्यांना ती जागा कशी दिसली असेल!

पोलिश गेल्यावर त्याच बराकींत फाळणीत बेघर झालेले सिंधी बांधव आले. तेच आजचे गांधीनगर. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिशांचा स्मृतिस्तंभ आहे, तर शहरातील ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्या कबरी. तेथे जाणाऱ्यांनी एक मेणबत्ती सोबत न्यावी.