पसरणीचा शाहीर आणि गिरणगावचा श्रोता

रहिमतपूरचे नाव निघाले की मराठीच्या प्राध्यापकाला आधी वसंत कानेटकर आठवतात. १९२० साली त्यांचा जन्म या गावी झाला, ही गोष्ट नाटकाचा पेपर शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो, आणि ती सांगताना आवाज किंचित चढतो हेही खरे. मात्र याच सातारा जिल्ह्यातून, तीन वर्षांच्या अंतराने, आणखी एक नाटकवाला जन्माला आला. त्याचे नाटक नाटकाच्या पेपरात येत नाही. लोकसाहित्याच्या पेपरात ‘लोककलांचे आधुनिक उपयोजन’ या टिपणात त्याच्या वाट्याला अर्धी ओळ येते, आणि ती अर्धी ओळही बहुधा चुकीच्या कारणासाठी असते. शाहीर साबळे यांच्याविषयी लिहावेसे वाटले ते त्या अर्ध्या ओळीमुळे.

कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजी वाई तालुक्यातील पसरणी येथे झाला. वाईहून पाचगणीला जाणारा घाट या गावाच्या नावाने ओळखला जातो. बालपणाचा काही काळ त्यांनी अमळनेरला आजोळी काढला आणि तेथेच साने गुरुजींचा सहवास त्यांना लाभला. शाळा सातवीच्या आसपास सुटली. मग मुंबई. त्या काळच्या सातारी तरुणाचा हा ठरलेला मार्ग होता. कोरेगाव, खटाव, माण, वाई या तालुक्यांतील माणसे गाडीत बसत आणि गिरणगावात आपल्या गावाच्या खोलीवर उतरत. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे पंधरा-वीस गडी, खानावळीचे जेवण, महिन्याकाठी गावी जाणारी मनिऑर्डर आणि जत्रेला घरी येणारा ‘मुंबईकर’. आमच्या भागातील क्वचितच एखादे घर असेल की ज्याच्या दोन पिढ्यांमागे हा मुंबईकर नाही. साबळे त्यांच्यातलेच एक, आणि त्यांचा श्रोताही हाच.

त्यांच्या शाहिरीचे मूळ चळवळीत आहे. बेचाळीसच्या आंदोलनानंतर साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले. सभेला माणसे जमवायची तर भाषणाआधी डफ वाजला पाहिजे, हे त्या चळवळीने पुरते ओळखले होते. शाहीर शंकरराव निकम यांचा आदर्श साबळ्यांसमोर होता. पसरणीच्या भैरवनाथ मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी पुढाकार घेतला आणि साने गुरुजी त्या प्रसंगी उपस्थित राहिले. गुरुजींच्या पंढरपूरच्या उपोषणाची (मे १९४७) आठवण आपण ठेवतो. परंतु आपल्याच गावच्या देवळासाठी आपल्याच भावकीपुढे उभे राहणे, जेथे दुसऱ्या दिवशी त्याच माणसांबरोबर विहिरीवर गाठ पडणार, हे कमी धैर्याचे नव्हते.

स्वातंत्र्यानंतर शाहिरासमोर निराळाच पेच उभा राहिला. ज्याच्याविरुद्ध गायचे तो परका राज्यकर्ता गेला होता. पुष्कळ शाहीर पोवाड्यांच्या इतिहासरंजनात रमले, काही सरकारी योजनांच्या प्रचारात. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने वर्गलढ्याची दिशा धरली आणि तमाशाचे ‘लोकनाट्य’ केले. इकडे बाळासाहेब खेरांच्या राजवटीत तमाशावर अश्लीलतेच्या कारणावरून बंदी आली, पुढे सुधार समिती नेमली गेली आणि तमाशाला ‘सभ्य’ करण्याचा एक मोठा उद्योग सुरू झाला. मध्यमवर्गाने तमाशा स्वीकारला तो या धुलाईनंतर. (वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ चे. त्याची लज्जत कमी आहे असे मला म्हणायचे नाही, पण त्याचा प्रेक्षक बदललेला आहे हे नोंदवले पाहिजे.)

साबळ्यांनी या सर्वांहून थोडी वेगळी वाट काढली आणि तिला ‘मुक्तनाट्य’ म्हटले. तमाशाच्या गण, गवळण, बतावणी, वग या क्रमातून त्यांनी उचलली ती मुख्यतः बतावणीची मोकळीक. कथानक हे निमित्त, प्रसंगानुसार संवाद वाढवायचे, त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील बातमी त्याच रात्री रंगमंचावर आणायची. ‘यमराज्यात एक रात्र’, ‘आंधळं दळतंय’, ‘असुनि खास मालक घरचा’, ‘कोंडू हवालदार’, ‘बापाचा बाप’ ही नावे पाहिली तरी रोख कळतो. यमाच्या दरबाराचे सोंग घेऊन इहलोकीच्या कारभारावर बोलण्याची युक्ती आपल्या भारुडाला जुनीच आहे. संहितेत मावणार नाही असा हा प्रकार असल्यामुळे छापील पुस्तकावर पोसलेल्या आमच्यासारख्या अभ्यासकांना तो हाती लागत नाही. त्याचे वाङ्मयमूल्य काय, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न चुकीचा आहे असे नाही, पण त्यात ‘वाङ्मय’ म्हणजे छापलेले, हे आधीच गृहीत धरलेले असते.

याच संदर्भात भानुमती साबळे यांचे नाव घ्यावे लागते. शाहिरांच्या या पहिल्या पत्नी स्वतः कवयित्री होत्या आणि शाहिरांच्या गाण्यांत त्यांच्या शब्दांचा वाटा मोठा आहे. गाणे ‘शाहीर साबळ्यांचे’ म्हणून ओळखले जाते, कारण लोकांना आवाज ठाऊक असतो. शब्द कुणाचे याची चौकशी करण्याची सवय आपल्याकडे लोकगीताच्या बाबतीत नसतेच. एखाद्या विद्यार्थिनीने या विषयावर प्रबंध लिहायला घेतला तर मला मनापासून आनंद होईल.

आता अडचणीच्या प्रश्नाकडे येतो. ‘आंधळं दळतंय’ १९६६ चे. ‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ ही म्हण. दळणारा कोण तर मुंबईतला मराठी माणूस. पीठ खाणारा कोण तर बाहेरून, विशेषतः दक्षिणेतून, आलेला. त्याच वर्षी १९ जूनला शिवसेना स्थापन झाली आणि तिच्या पूर्वपीठिकेत या मुक्तनाट्याचा उल्लेख वारंवार होतो. मराठी तरुणाच्या बेकारीचे दुःख खरे होते आणि नाटकाला मिळालेला प्रतिसाद त्या दुःखाचा होता. तरीही माझ्या मनात एक गोष्ट सलत राहते. पसरणी सोडून मुंबईला पोट भरायला आलेला माणूस, पोट भरायलाच आलेल्या दुसऱ्या माणसाला पाहुणा ठरवतो. भैरवनाथाचा दरवाजा उघडणाऱ्या हातानेच हे घडावे? भाषिक राज्यासाठी नुकताच लढा दिलेल्या पिढीला या दोन कृतींत विसंगती दिसली नसावी. तिच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी हक्काच्या माणसाला त्याचे घर मिळत होते. मला मात्र ती दिसते, आणि शाहिरांविषयीचा आदर राखूनही ती झाकावीशी वाटत नाही.

येथे दूरचे एक उदाहरण सुचते. हैतीतून अमेरिकेत आलेल्या आईवडिलांच्या पोटी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली लेला मॅककाला ही गायिका चेलो आणि बँजो वाजवते, न्यू ऑर्लिन्सला राहते आणि हैतीच्या क्रिओल भाषेतील लोकगीते गाते. हैतीतील एका रेडिओ केंद्राच्या जुन्या ध्वनिफितींच्या आधारे तिने रंगमंचीय प्रयोग उभा केला आणि २०२२ साली त्याचा संग्रहही काढला. ते केंद्र चालवणाऱ्या ज्याँ दोमिनिक या पत्रकाराची २००० साली हत्या झाली होती. तिच्यासाठी आईवडिलांचे गाव हे शोधायचे ठिकाण आहे, कारण ती तिथे वाढलीच नाही. साबळ्यांच्या पहिल्या श्रोत्याला गाव शोधावे लागत नव्हते. त्याची पेटी खोलीवर आणि जीव गावाकडे होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, खोल्या रिकाम्या झाल्या आणि हा श्रोता पांगला. शाहिरांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’चा बहराचा काळ नेमका त्यानंतरचा आहे, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. आता समोर बसला होता तो गाव न पाहिलेला मुंबईकर, आणि त्याला गाव दाखवायचे होते.

लोकधारेवर आक्षेप घेणे सोपे आहे. गोंधळ रात्रभर चालतो. दिवटी, संबळ, मांडलेला चौक आणि घरातले लग्न यांच्याशिवाय त्याला अर्थ नाही. रंगमंचावर तो दहा मिनिटांत उरकतो आणि लगेच वासुदेव येतो, मग वाघ्या-मुरळी, मग कोळीनृत्य. विधीचा तमाशा झाला, असे आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणत. मीही बरीच वर्षे हेच वर्गात सांगत असे. एकदा एका गोंधळी घराण्यातल्या विद्यार्थ्याने तास संपल्यावर थांबून सांगितले, “सर, टीव्हीवर ते लागायचं तेव्हा आमच्या घरी सगळे गप्प बसून बघायचे. आजोबा चुका काढायचे, पण बघायचे.” त्यानंतर मी तो आक्षेप मांडतो, पण आजोबांसकट मांडतो.

१९९८ मध्ये पद्मश्री मिळाली, २० मार्च २०१५ रोजी मुंबईत निधन झाले. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि साबळ्यांचा आवाज लाभलेले ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ २०२३ साली राज्यगीत झाले. त्यातली दोन कडवी घेतली गेली, म्हणजे सुमारे पावणेदोन मिनिटांत ते संपते. १९ फेब्रुवारीपासून निर्णय लागू झाला आणि आमच्या महाविद्यालयातही ते वाजू लागले. त्याच वर्षी जन्मशताब्दी होती आणि नातू केदार शिंदे यांनी ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट काढला. हवालदारापासून यमापर्यंत प्रत्येक अधिकाऱ्याची टोपी उडवणाऱ्या माणसाचा आवाज आता उभे राहून ऐकायचा असतो.

मागच्या वर्षी लोकसाहित्याच्या वर्गाला मी काम दिले होते की घरातल्या जुन्या मुंबईकराला साबळ्यांविषयी विचारून या. राज्यगीताचा उल्लेख फार थोड्यांनी केला. रहिमतपूरजवळच्या वाडीतली एक मुलगी मात्र चार पाने लिहून घेऊन आली. तिच्या आजोबांना गाणी फारशी आठवत नव्हती. कोंडू हवालदाराचे विनोद आठवत होते, आणि प्रयोगाहून परतताना शेवटची ट्राम चुकल्यामुळे लालबागपर्यंत चालत यावे लागले, हे आठवत होते.