कयाकचे कवच

दोन पात्यांच्या वल्ह्याने चालणाऱ्या कयाक या अरुंद होडीचे पाण्याला टेकणारे बाह्यांग. मूळ इन्युइट कयाक म्हणजे लाकूड-हाडांच्या सांगाड्यावर ताणलेले सीलचे कातडे. आजचे कवच पॉलिइथिलीन, फायबरग्लास, केव्हलार किंवा कार्बन तंतूंचे असते. विदर्भातील ढीवर मासेमारांचा डोंगा मात्र लाकडाचा. तो वजनदार, पण खडकाला घासला तरी फारसे बिघडत नाही.

विकत घेणारा आधी वजन विचारतो. समुद्रात फिरण्याची प्लास्टिकची कयाक साधारण 25 ते 28 किलोची, कार्बनची 20 किलोच्या आसपास. 70 किलोचा माणूस आत बसला की एकूण भारातला हा फरक दहा टक्क्यांहून कमी उरतो. तो जाणवतो सुरुवातीच्या जोरात, वळवताना आणि काठापर्यंत खांद्यावरून नेताना. एकसारख्या वेगात मात्र कवचाचा ताठपणा आणि गुळगुळीतपणाही महत्त्वाचा. मऊ प्लास्टिकचा तळ लाटेवर लवतो आणि वल्ह्याच्या जोराचा काही अंश त्यात वाया जातो. दगडांनी ओरखडलेल्या तळाला पाण्याचे घर्षणही जास्त. म्हणून शर्यतीच्या कयाक कार्बनच्या. स्प्रिंट शर्यतीतल्या एकट्याच्या के-1 प्रकारात कमाल लांबी 5.20 मीटर व किमान वजन 12 किलो असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

पण वेगवान तेच चांगले, असे नाही. भिरा वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर कोलाडजवळ कुंडलिका नदी धावते. तिथल्या खडकांत कार्बनचे कवच तडकेल, पॉलिइथिलीनचे दबून पुन्हा फुगेल. फायबरग्लासची चीर राळ आणि कापड लावून बुजवता येते. पॉलिइथिलीनला साधा गोंद धरत नाही, त्याला वितळवूनच सांधावे लागते.

याउलट वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरच्या नावातच काय तो समुद्र; तालुक्यातले पाणी म्हणजे वेणा नदी आणि लाल नाल्याचा जलाशय. अशा संथ पाण्यात ताठ, लांब कवचाचा फायदा पुरेपूर मिळतो. प्लास्टिकची कयाक असेल तर इथल्या मे महिन्याचा धोका वेगळा: पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गाडीच्या टपावर करकचून बांधली, तर तळाला खळगा पडतो आणि होडी सरळ जाण्याऐवजी एका बाजूला ओढते. ती सावलीत, कडेवर उभी किंवा रुंद पट्ट्यांवर टांगून ठेवावी.