आनंदीबाईंचें एक पत्र

डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. १८६५ त पुण्यांत जन्म, नवव्या वर्षीं सुमारें वीस वर्षांनीं मोठ्या बिजवराशीं विवाह, १८८३ त एकटीनें अमेरिकेस प्रयाण, १८८६ च्या मार्चांत फिलाडेल्फिया येथें वैद्यकाची पदवी आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांतच क्षयानें अंत. या कथेंत गोपाळरावांच्या शिकविण्याच्या ध्यासाचें कौतुक होतें, आणि ते पत्नीस अभ्यासासाठीं मारीत, हेंही त्याच ओघांत सांगितलें जातें. इतर नवरे स्वयंपाक बिघडला म्हणून मारीत, हा पुस्तक मिटलें म्हणून मारी, असें ऐकून श्रोते हंसतातही!

आनंदीबाईंस मात्र त्यांत विनोद दिसला नाहीं. अमेरिकेहून पतीस लिहिलेल्या एका पत्रांत त्यांनीं वयाच्या क्रमानें हिशेबच मांडला आहे. दहाव्या वर्षीं लांकडाच्या तुकड्यांनीं मार; पुढें खुर्च्या व पुस्तकें अंगावर फेकणें, टाकून देण्याची धमकी; चौदाव्या वर्षीं आणखी विलक्षण शिक्षा. हें सारें आपल्या कोंवळ्या देहामनास फार कठोर होतें, असें त्या स्पष्ट म्हणतात. तरीही पतीची वागणूक बरी कीं वाईट, हें ठरविणें त्यांस कठीण वाटतें. आणि घर सोडून न गेल्याचें कारण म्हणून त्या वडिलांच्या अब्रूची भीति सांगतात.

गोपाळरावांचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. पण हेतु चांगला असला म्हणजे मार हा मार राहत नाहीं, ही समजूत या पत्रापुढें टिकत नाहीं. आनंदीबाईंनीं धमकीस लांकडाच्याच पंक्तीस बसविलें आहे, हें विशेष लक्षांत घ्यावें. वळ उमटण्यापूर्वीं भय घर करतें. माहेरीं आलेली मुलगी प्रत्येक उत्तरापूर्वीं नवऱ्याच्या मुद्रेकडे पाहते, फोन वाजतांच दचकते, भाजीच्या पैशांचा हिशेब देतांना चांचरते, आणि विचारलें असतां "तसे ते मनानें फार चांगले आहेत" म्हणते. सुशिक्षित घरांत हें शेवटचें वाक्य ऐकून आईबापांचें समाधान होतें. आम्हांस तेंच अधिक चिंतेचें वाटतें. कारण बऱ्यावाइटाचा निवाडा न करवणें हें या छळाचेंच एक लक्षण होय. आनंदीबाईंनीं तो हिशेब लिहिला तेव्हां मध्यें महासागर होता.

कायद्यास ही ओळख पटण्यास फार काळ लागला. १८६० च्या दंडसंहितेंत पतीच्या क्रूरतेचें ४९८-अ हें स्वतंत्र कलम १९८३ त आलें. शिवीगाळ, धमकी, पैशाची कोंडी यांनाही हिंसा म्हणणारा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा. तो ऑक्टोबर २००६ पासून अंमलांत आला. संरक्षण अधिकाऱ्यास खबर देण्यास त्यांत पीडित स्त्रीच असावें लागत नाहीं. भिंतीपलीकडे आवाज ऐकणारा शेजारीही ती देऊं शकतो, आणि सद्भावनेनें दिलेल्या खबरेबद्दल त्याच्यावर कसलाही दावा चालत नाहीं.