सुंठवड्यात वडा कुठला?

रामनवमीला दुपारी बारा वाजता जन्म झाला, गुलाल उधळला, की तळहातावर चिमूटभर सुंठवडा पडतो. सुंठ, सुकं खोबरं, पिठीसाखर, खसखस, वेलदोडा, कुठे खारकेची पूड. सगळं कुटलेलं, मोकळं. ना थापलेलं, ना वळलेलं. तरी नाव सुंठवडा! यात वडा आला कुठून?

उत्तराचं टोक मला पुण्यातल्या खराडीत सापडलं. आयटी पार्कमुळे आमच्या इमारतीत निम्मा भारत नांदतो आणि रामजन्माला सगळेच खाली उतरतात. प्रयागराजकडच्या एका काकूंनी सुंठवडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, “अरे, ये तो सोंठौरा है! किसके घर बच्चा हुआ?” त्यांच्याकडे सोंठौरा म्हणजे सुंठ, गूळ आणि तुपाचा लाडू. बाळंतिणीला खायला घालायचा, आणि मूल झाल्याच्या आनंदात भाऊबंदांतही वाटायचा.

आता हे दोन शब्द शेजारी ठेवा. हिंदीत तिळाची ती तिलौरी, मुगाची ती मुंगौरी, आणि पक्व-वट याचा झाला पकौडा. शेपटातला ‘औरा-औरी’ म्हणजे संस्कृत वटक-वटिका, आपले वडा-वडी. म्हणजे सोंठौरा आणि सुंठवडा हे अक्षरशः एकच नाव. अवधात गोळा टिकला. आपल्याकडे गोळा विरघळला, नाव तेवढं राहिलं.

माझं म्हणणं सरळ आहे: सुंठवडा हे मुळात बाळंतिणीचं खाणं. देवाच्या जन्माला आपण कौसल्येच्या खोलीतलं औषधच वाटून खातो. प्रसंग नीट पाहा ना. देवळात पाळणा बांधलेला, नारळाला कुंची घातलेली, बायका पाळणा म्हणताहेत. सगळं बाळंतघर हजर असताना खाऊ तेवढा परका कसा असेल? चरकसंहितेच्या शारीरस्थानात प्रसूतेला स्नेहातून जी चूर्णं द्यायला सांगितली आहेत, त्यांत पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक यांच्या जोडीला शृंगवेर, म्हणजे आलं-सुंठ, आहे. पुढच्या वैद्यकात खास बाळंतिणीसाठी सौभाग्यशुंठी पाक आला, तो आजही विकत मिळतो.

विरोधी मतं आहेतच. कुणी म्हणतात, चैत्रात ऋतू पालटतो म्हणून सुंठ. मग गोकुळाष्टमीला, ऐन श्रावणात मध्यरात्री, तोच सुंठवडा का? आणि मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीला? ऋतू तिन्ही वेगळे, समान आहे तो फक्त जन्म. दुसरे म्हणतात, उपासाचा पदार्थ. मग एकादशीला कुणी का वाटत नाही? तिसरं मत कीर्तनकाराच्या बसलेल्या घशाचं. पण कीर्तनं बारा महिने होतात आणि सुंठवडा मात्र जन्माच्याच कीर्तनाला. खरा तगडा प्रतिस्पर्धी दक्षिणेतलं पानकम: रामनवमीलाच, गूळपाण्यात सुंठ-वेलदोडा. पण मला ते उन्हाळ्याचं पेय वाटतं, कारण जन्माष्टमीशी त्याचं तसं नातं नाही. उत्तरेत उलट आहे. जन्माष्टमीला प्रसाद पंजिरीचा, आणि पंजाबात बाळंतिणीला देतात तीही पंजिरीच, सुंठ घातलेली. माझ्या बाजूने हा साक्षीदार पुरेसा आहे.

सुंठ म्हणजे वाळवलेलं आलं, आणि आल्याची स्वतःची गोष्टही वेगळीच आहे. आग्नेय आशियाकडचं हे झाड आज रानात कुठेच सापडत नाही, शेतात बी धरत नाही. कंदाचे तुकडेच बेणं म्हणून लावायचे. साताऱ्याकडे आणि छत्रपती संभाजीनगरकडे ‘माहीम’ वाण उन्हाळ्याच्या शेवटी लावतात, पानं पिवळी पडली की काढतात. आर्द्र म्हणजे ओलं, त्यावरून आर्द्रक. त्याचंच अद्रक आणि आलं. इंग्रजी जिंजर शृंगवेरातून गेलं, पण ‘शिंगासारख्या अंगाचं’ ही त्याची फोड मला मागाहून बसवलेली वाटते. तमिळमध्ये आल्याला इंजी म्हणतात आणि मुळाला वेर. द्राविडी शब्दालाच संस्कृताने शिंगं लावली असणार.

आलं आणि सुंठ यांना जुन्या वैद्यांनी वेगळं मानलं ते योग्यच होतं. आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचा काही भाग शोगाओल होतो, आणि तो जास्त जहाल. नावही जपानी, ‘शोगा’ म्हणजे आलं. गरोदरपणातल्या मळमळीवर आल्याचा उपयोग चाचण्यांतही दिसला आहे. रक्त पातळ करणारी औषधं चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच भरपूर सुंठ खावी.

राहिला गोळा. तो कधी फुटला? माझा अंदाज आहे, प्रसाद घरातून देवळात गेला तेव्हा. भाऊबंदांना लाडू पुरतो, जत्रेला पुरत नाही. गूळ-तूप गेलं, साखर आली, आणि साखरेत सुंठ वळत नाही. शेकडो हातांवर घालायला चिमूट सोयीची.