थंडीचा कोट, उन्हातली विजार

घोडेस्वारीच्या स्पर्धेत आज जगभर दिसणारा पोशाख इंग्लंडमधल्या कोल्ह्याच्या शिकारीत घडला. अंगाबरोबर बसणारा कोट, पांढरा शर्ट, गळ्याभोवती पांढरी पट्टी, फिकट रंगाची तंग विजार, म्हणजे ब्रीचेस, आणि गुडघ्यापर्यंतचे चामडी बूट, यांतली प्रत्येक गोष्ट त्या शिकारीच्या गरजेतून आली आहे. शिकारीचा मुख्य हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे ऐन थंडीचा. स्वार तासन्‌तास ओल्या शेतांतून आणि काटेरी कुंपणांवरून घोडा घालीत. त्यांचा कोट मेल्टन नावाच्या लोकरी कापडाचा असे. हे कापड इतके घट्ट दडपलेले असते की वारा आणि पाऊस सहजी आत शिरत नाही. लेस्टरशायरमधल्या मेल्टन मोब्रे या शिकारीसाठी प्रसिद्ध गावावरून त्याचे नाव पडले. गळ्यातली पट्टी ऊब देई आणि पडझड झाली तर जखम बांधायला किंवा मोडलेला हात गळ्यात अडकवायला उपयोगी पडे.

या पोशाखाचा दुसरा उगम लष्करात आहे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चाली), इव्हेंटिंग (अनेक कसोट्यांची एकत्रित स्पर्धा) आणि शो जंपिंग (अडथळ्यांवरून उड्या) हे तिन्ही प्रकार एकत्र आले, तेव्हा त्यांतले स्वार लष्करी अधिकारीच होते आणि गणवेशात उतरत होते. अधिकारी असण्याची अट किती कडक होती हे १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकनंतर दिसले. स्वीडनच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकले होते, पण संघातला येनाल पेर्सन हा स्वार कमिशन मिळालेला लष्करी अधिकारी नसल्याचे उघड झाल्यावर पुढच्या वर्षी ते पदक काढून घेण्यात आले. शिकारी आणि लष्करी अधिकारी या दोन्ही वर्गांत कोट उतरवणे म्हणजे सभ्यता उतरवणे मानले जाई. पुढे हाच पोशाख उन्हाच्या देशांत गेला तेव्हा खरी अडचण कापडापेक्षा या समजुतीची होती.

उन्हात घोड्यावर बसण्याचा प्रश्न भारतात कितीतरी आधी सोडवला गेला होता, निदान कमरेखालच्या अर्ध्या भागापुरता. स्वाराच्या विजारीकडून दोन उलट्या अपेक्षा असतात. मांड घालताना पाय फाकतो आणि गुडघा वाकतो, म्हणून वर कापड सैल हवे. पण पोटरी रिकिबीच्या पट्ट्यावर सतत घासते, तिथे कापडाची एक चुणी पडली तरी कातडी सोलून निघते, म्हणून खाली ते घट्ट हवे. चुडीदार विजार नेमकी अशीच असते. ती उरेब कापलेल्या कापडाची शिवतात, त्यामुळे साधे सुती कापडही थोडे ताणले जाते. ताणणारा धागा कोणी बनवण्याच्या कितीतरी आधी शिंप्याच्या कात्रीने ते काम केले होते. मराठा स्वारांचा चोळणा याहून आखूड. डोक्याला पागोटे, अंगात बंदांचा सुती अंगरखा, कमरेला शेला आणि खाली चोळणा एवढा पोशाख लांब मजलीला सोयीचा पडे. सुती कापडाच्या थरांत कापूस भरून शिवलेला डगला लढाईत अंगाचे रक्षण करी, पण उन्हात त्याचा जाच होत असणार हे सांगायला नको.

चुडीदाराचे हे तत्त्व जगभर पोहोचले ते जोधपूरमधून. महाराजा तख्तसिंह यांचे धाकटे पुत्र सर प्रताप सिंह (१८४५–१९२२) हे कसलेले स्वार आणि पोलोचे निस्सीम भोक्ते होते. पुढे ते इडरचे महाराजा झाले. त्यांच्या नावाशी जोडलेली विजार कुल्ल्यांवर आणि मांड्यांवर चांगली घोळदार, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पायाला चिकटलेली आणि आतल्या बाजूने कापडाच्या जोडाने मजबूत केलेली असे. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाला १८८७ मध्ये आणि हीरकमहोत्सवाला १८९७ मध्ये ते इंग्लंडला गेले. यांपैकी एका सफरीत त्यांचे सामान नेणारे जहाज बुडाले, अंगावरच्या विजारीवरून नव्या शिवून घेण्यासाठी त्यांना लंडनचा शिंपी गाठावा लागला आणि त्या शिंप्याने कापणीची युक्ती उचलली, अशी कथा सांगतात. ती कथा थोडी रंगवलेली वाटते. पण हीरकमहोत्सवाच्या वर्षी जोधपूरचा पोलो संघ इंग्लंडमध्ये खेळला आणि ही विजार तिथल्या स्वारांच्या नजरेत भरली, एवढे खरे. इंग्रजीत आजही तिला शहराच्याच नावाने ओळखतात.

या विजारीचा उन्हाशी असलेला संबंध बहुधा दुर्लक्षिला जातो. इंग्रजी ब्रीचेस गुडघ्याच्या थोडी खाली संपते, म्हणून पोटरी झाकायला उंच बूट लागतो. जाड चामड्याच्या त्या नळीत पायाचा घाम कोंडतो. जोधपुरी विजार घोट्यापर्यंत जाते, त्यामुळे तिच्याखाली घोट्यापुरता बूट पुरतो आणि पोटरीवर फक्त सुती कापड राहते. उष्ण हवेसाठी स्वाराच्या पोशाखात झालेल्या सगळ्या सुधारणांत ही सर्वांत साधी, आणि बहुधा सर्वांत शहाणपणाची. युरोपात मात्र घोळदार मांड्यांची ऐट उचलली गेली आणि खाली पुन्हा उंच बूटच चढवले गेले.

भारतातल्या इंग्रजांची उन्हाबद्दलची समज विलक्षण होती. सूर्यकिरण थेट कवटीत आणि पाठीच्या कण्यात शिरून माणसाला आजारी पाडतात, असे त्यांच्यातले डॉक्टरही मानत. म्हणून सोला हॅट आली. पाणथळ जागी वाढणाऱ्या ज्या झाडाच्या भेंडापासून महाराष्ट्रात बाशिंगे करतात, त्याच भेंडाची ही टोपी. ती वजनाला अगदी हलकी आणि उन्हाला चांगली, पण घोड्यावरून पडल्यास डोके वाचवण्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी. पाठीच्या कण्यासाठी कापूस भरलेली गादीसारखी पट्टी शर्टाला आतून लावत. पोटाला गार वारा लागून पटकी होते या भीतीने फ्लॅनेलचा पट्टाही गुंडाळत. मीरतजवळच्या कादिर चषकासाठी भाल्याने रानडुकराची शिकार करण्याची स्पर्धा होई. पुढे स्काउट चळवळ काढणारे बेडन-पॉवेल यांनी १८८३ मध्ये तो चषक जिंकला. ही स्पर्धा उन्हाळ्याच्या तोंडाशी होत असल्याने तिथे कोटाला फाटा मिळू लागला आणि स्वार शर्टावर उतरू लागले, पण डोक्यावरची टोपी आणि पाठीवरची गादी सुटली नाही. दुसऱ्या महायुद्धात सैनिक सोला हॅटशिवाय उन्हात वावरले आणि कोणाच्या कवटीला काही झाले नाही, तेव्हा कुठे ही समजूत मावळली.

पोलोने यापुढचे पाऊल टाकले. मणिपूरमध्ये सगोल काङ्जै खेळणारे स्वार धोतर नेसून, पायांना संरक्षक पट्ट्या बांधून, अनवाणी खेळत. आसाममधल्या इंग्रज चहामळेवाल्यांनी आणि अधिकाऱ्यांनी तो खेळ उचलला आणि १८५९ मध्ये सिलचरला क्लब काढला. तिथून तो कोलकात्यामार्गे देशभर पसरला. पोलोत अंगमेहनत इतकी की लोकरी कोट घालून कोणी खेळू शकत नाही. पांढरी सुती ब्रीचेस आणि मोकळा शर्ट हाच त्याचा गणवेश ठरला. धावत्या घोड्यावर शर्टाची कॉलर तोंडावर फडफडू नये म्हणून खेळाडू तिला गुंड्या लावत. न्यूयॉर्कच्या ब्रुक्स ब्रदर्स या पेढीच्या सांगण्याप्रमाणे जॉन ब्रुक्स यांनी १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये हे पाहिले आणि गुंड्यांची कॉलर बाजारात आणली. आज ज्याला पोलो शर्ट म्हणतात तो मात्र टेनिसमधून आला. लांब बाह्यांच्या कडक शर्टाला कंटाळून फ्रेंच खेळाडू रने लाकोस्त याने १९२० च्या दशकात जाळीदार विणीचा आखूड बाह्यांचा शर्ट घातला आणि पोलोवाल्यांनी तो आपलासा केला.

शर्यतीच्या घोड्यांवरच्या जॉकींना उन्हातल्या पोशाखाचा हा प्रश्न कधी फारसा पडलाच नाही. तिथे वजनाचा हिशेब चालत असल्याने अंगावर पातळ रेशीम आले. १७६२ मध्ये न्यूमार्केटला मालकांचे रंग नोंदले गेले तेव्हापासून त्या रेशमाला ओळखीचेही काम मिळाले. शिवाय हंगामच सोयीने आखता येतो. मुंबईत महालक्ष्मीला शर्यती हिवाळ्यात सुरू होतात आणि पावसाळ्यात त्या पुण्याला जातात, एप्रिल-मेच्या काहिलीशी त्यांची गाठ फारशी पडत नाही.

स्त्रियांचे उन्हातले हाल दुहेरी होते. एका बाजूला पाय सोडून बसायचे, त्यासाठी लांब, जड लोकरी घागरा आणि वर घट्ट जाकीट. विसाव्या शतकात स्त्रिया पुरुषांसारखी मांड घालून बसू लागल्या, तेव्हा हा भार सुटला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज स्त्रियांना आणि अधिकारी नसलेल्या पुरुषांनाही खुले झाले. पोलिओने पाय अधू झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी त्यात रौप्यपदक मिळवले.

जोधपुरीचा घोळ संपवला तो एका धाग्याने. ड्यूपाँ कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये ताणून पुन्हा मूळ आकारात येणारा धागा तयार केला. तो कापडात मिसळू लागल्यावर मांडीवर कापड राखून ठेवण्याचे कारणच उरले नाही. ब्रीचेस कमरेपासून खालपर्यंत अंगाला चिकटली. सोय झाली, पण मांडी आणि कापड यांच्यामधली हवा गेली. आजच्या पातळ, घाम लवकर वाळवणाऱ्या कृत्रिम कापडांनी ती उणीव पुष्कळशी भरून काढली. सुती कापड घाम चांगला शोषते, पण धरूनही ठेवते. दमट हवेत ते ओले आणि जड राहते, आणि ओली विजार खोगिरावर अंग सोलते.

उष्णता हा स्पर्धांच्या आयोजनाचाच प्रश्न आहे, हे १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या तयारीत मान्य झाले. जॉर्जियातला जुलै उष्ण आणि दमट. तिथे इव्हेंटिंगमधले अंतर कमी केले गेले, मधली विश्रांती वाढवली गेली आणि पाण्याचे बारीक तुषार सोडणारे पंखे बसवले गेले. हा सगळा विचार घोड्यासाठी होता, स्वाराच्या कोटाकडे लक्ष नंतर गेले. २००८ मध्ये बीजिंगच्या स्पर्धांतली घोडेस्वारी हाँगकाँगला झाली आणि तिच्या बऱ्याच फेऱ्या ऊन उतरल्यावर घेतल्या गेल्या. २०२१ मध्ये टोकियोत इव्हेंटिंगमधली क्रॉसकंट्री फेरी सकाळी लवकर सुरू केली गेली. भारताचा फवाद मिर्झा याच स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोहोचला होता.

नियमही हळूहळू मऊ झाले. कडक उन्हात पंच कोट काढण्याची परवानगी देऊ शकतात, मात्र शर्टाला बाह्या हव्यात आणि शो जंपिंगमध्ये त्याची कॉलर पांढरी हवी. सभ्यतेची जुनी कल्पना आता तेवढ्या कॉलरीपुरती उरली आहे. कोटही बदलले आहेत. लोकरीऐवजी ताणणारे पातळ कापड, काखेत आणि पाठीवर जाळी, आत अस्तर नाही, आणि घरी धुता येतील अशी बांधणी. डोक्यावरचा बदल उलट दिशेने झाला. ड्रेसाजमधली उंच टोपी हलकी होती. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये शार्लट दुजार्दिन यांनी तिच्याऐवजी हेल्मेट घालून सुवर्णपदक जिंकले आणि १ जानेवारी २०२१ पासून आंतरराष्ट्रीय ड्रेसाजमध्ये हेल्मेट सक्तीचे झाले. हेल्मेटला हवेच्या खाचा असल्या तरी आतला फेस उष्णता धरतो. क्रॉसकंट्रीत छाती-पाठीला संरक्षक जाकीट सक्तीचे आहे, आणि पातळ शर्टाने मिळवलेला गारवा त्याखाली बराचसा संपतो. पायांत मात्र जोधपूरची युक्ती परतली आहे: घोट्यापुरता बूट आणि त्यावर त्याच रंगाच्या गुळगुळीत चामड्याचे, उतरवता येणारे पोटरीचे आवरण. फेऱ्यांच्या मधल्या वेळात ते काढून ठेवता येते.